लहान शहराची ट्राम : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फ्रान्समधल्या बझाँसों शहराबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. जेमतेम सव्वा लाख वस्ती. पण २०१४ मध्ये तिथे साडेचौदा किलोमीटरची नवी ट्राम सुरू झाली, आणि खर्च आवाक्यात राहावा म्हणून गाडीही मुद्दाम आखूड घेतली : तीन भागांची, सुमारे २४ मीटर लांब. त्यावर बरीच पत्रं आली. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, बोगी विभागात झाली (बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा गाडा). त्यामुळे चाक आणि रूळ यांच्या प्रश्नांना उत्तर सविस्तर दिलं आहे, बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न : आमच्या नाशकात स्टेशनपासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम होती, असं वडील सांगत. आता इतकी वर्षं मेट्रो निओचं, म्हणजे टायरवर धावणाऱ्या मेट्रोचं, ऐकतो आहोत. ट्राम परवडायला शहर किती मोठं असावं लागतं? (निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड)

बाई, वडिलांनी सांगितलं ते खरंच आहे. १८८९ मध्ये सुरू झालेली ती ट्राम १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंद पडली.

वस्तीचा नियम असा नाही. ऑस्ट्रियातलं ग्मुंडेन तेरा हजार वस्तीचं. तिथली जुनी ट्राम स्टेशनवरून खडा उतार उतरून गावात यायची आणि संपायची, सगळी मिळून सव्वादोन किलोमीटर. २०१८ मध्ये तिचे रूळ तळ्याच्या बाजूच्या छोट्या रेल्वेला जोडले आणि नवी गाडी आणली. आता एकच गाडी गावच्या रस्त्यावरून निघते आणि खेड्यांपर्यंत जाते. जर्मनीतलं नॉर्डहाउझेन चाळीस हजारांच्या आसपास. शेजारी हार्झ डोंगरातली मीटर गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) रेल्वे, ट्रामही मीटर गेजचीच, पण रेल्वेवर विजेची तार नाही. त्यांनी काय केलं, तर २००४ मध्ये ट्रामच्या पोटातच डिझेल इंजिन बसवून घेतलं. गावात तारेवर, गावाबाहेर इंजिनावर. लाइन ओलांडून पलीकडे जायला प्रवाशाला उतरावं लागत नाही. आपल्या गरजेप्रमाणे गाडी घडवून घेतल्याचा मला सर्वांत आवडणारा नमुना हाच.

ही दोन्ही गावं जुन्या ट्रामची. कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्यांत फ्रान्सचं ओबान्य आहे, पंचेचाळीस हजार वस्तीचं. तिथे २०१४ मध्ये २.८ किलोमीटरचा मार्ग आणि २२ मीटरची गाडी आली. म्हणजे वस्तीपेक्षा बघायचं ते हे, की एका रस्त्यावर दिवसभर माणसं सलग सापडतात का. नाशिकची वस्ती २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांना टेकली होती, त्यामुळे तुमच्याकडे तो प्रश्नच नाही. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. ती योजना बहुतेक ठिकाणी खांबांवरून जाणारी होती. माझं स्वच्छ मत : फुटपाथवरून सरळ गाडीत पाऊल टाकता येणं हा ट्रामचा निम्मा फायदा असतो. तुमच्या वयाच्या माणसाला आधी जिना चढायला लावला की तो फायदा गेला.

प्रश्न : मुंबईची ट्राम मी पाहिली आहे, १९६४ ला बंद झाली तेव्हा मी शाळेत होतो. फूटबोर्डावर पाय टाकून चढावं लागे. नव्या गाड्यांचा तळ जमिनीलगत दिसतो. मग चाकं, मोटार, बाकीचं सामान गेलं कुठे? (दादर)

काका, बाकीचं सामान छपरावर गेलं. कन्व्हर्टर, ब्रेकचे रेझिस्टर, एसी, बॅटरी असेल तर तीही वरच. स्टॉपवर उभं राहून गाडीच्या टपाकडे बघितलं की पेट्याच पेट्या दिसतात. अवघड होतं ते चाकांचं.

आमच्याकडे वर्कशॉपला येणाऱ्या चाकांचं सांगतो. दोन चाकं एका भरीव अॅक्सलवर, म्हणजे आडव्या दांड्यावर, दाबून बसवलेली, एक फिरलं की दुसरं फिरलंच पाहिजे. चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, आतून बाहेर किंचित निमुळता असतो. कागदी पेला आडवा टाकून ढकलला तर तो आपोआप वळत जातो, तसं. वळणावर बाहेरचं चाक आपल्या मोठ्या व्यासावर चालतं, आतलं लहान व्यासावर, आणि जोडी स्वतःच वळण घेते. दीडशे-पावणेदोनशे वर्षं रेल्वे यावर चालली आहे.

तळ खाली आणायचा म्हटला की हा अॅक्सल नेमका माणसांच्या वाटेत आडवा येतो. फ्रान्समध्ये ग्रनोब्लला १९८७ मध्ये ट्राम आली, तेव्हा अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरला होता की व्हीलचेअर कुणाच्या मदतीशिवाय आत गेली पाहिजे. त्या गाडीचा दोन-तृतीयांश तळ जमिनीपासून ३४.५ सेंटिमीटरवर आणला. मोटारीच्या बोगी दोन टोकांना, तिथला तळ उंच. मधल्या बोगीचा सरळ अॅक्सल काढून टाकला. १९९० मध्ये ब्रेमेनला पूर्ण सपाट तळाची गाडी आली. अॅक्सल काढला की चाकं सुटी फिरतात, आणि सुटी चाकं स्वतः वळण घेत नाहीत. फ्लँज, म्हणजे चाकाची बाहेर आलेली कड, रुळाला घासत वळते. आवाज होतो, चाक झिजतं, व्हील लेथवर (चाक तासून पुन्हा आकारात आणणाऱ्या यंत्रावर) लवकर न्यावं लागतं.

दुसरी किंमत सांगाड्याने मोजली. सपाट तळासाठी बोगी गाडीखाली फिरती न ठेवता घट्ट बसवली, आणि दोन बोगीवाल्या भागांच्या मध्ये बिनचाकांचा भाग टांगला. प्रत्येक वळणाचा पीळ मग थेट डब्याच्या सांगाड्यात जातो. नॉर्डहाउझेनच्या गाडीची जात कॉम्बिनो. २००४ मध्ये या जातीच्या गाड्यांच्या सांगाड्यात हाच दोष उघड झाला आणि एक लाख वीस हजार किलोमीटरहून जास्त धावलेल्या गाड्या युरोपभर बाहेर काढाव्या लागल्या. तरीही सपाट तळ सोडू नये असं माझं म्हणणं. बझाँसोंला माझी पुतणी राहते. तिथल्या गाडीत चाकांवरची आसनं उंच पेट्यांवर, पाठीला पाठ लावून बसवलेली आहेत आणि मधली वाट चिंचोळी होते. पण स्टॉपवर एक बाई दोन मुलांची बाबागाडी एका हाताने ढकलत आत आली. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी होती, ती तिने खालीसुद्धा ठेवली नाही.

प्रश्न : सर, इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला हलक्या ट्रामची चाचणी झाली. गाडी ११ मीटर, वजन ११ टन. आपली बसही साधारण तेवढीच असते. मग यात नवीन काय? (मेकॅनिकलचा विद्यार्थी, कराड)

प्रश्न चांगला विचारलास. पण तुलना बसशी करू नकोस, ट्रामशी कर. तीसेक मीटरची आजची ट्राम रिकामी चाळीस टनांच्या घरात जाते आणि भरल्यावर एका अॅक्सलवर दहा-अकरा टन येतात. कॉव्हेंट्रीच्या गाडीला चार अॅक्सल. सत्तर माणसं भरली तरी अॅक्सलमागे चार टन. हा आकडा वहीत लिहून ठेव, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

रस्ता सेंटिमीटरभर दबला तर बसला कळतसुद्धा नाही. रूळ दबला की गेज बिघडतो, एक रूळ वर एक खाली होतो आणि गाडी उतरू शकते. त्यामुळे दहा टनांच्या अॅक्सलसाठी खाली खोल, जाड काँक्रीटचा पाया लागतो. तो घालायला रस्ता खणायला घेतलास की खाली काय सापडतं? पाण्याची मेन लाइन, ड्रेनेज, गॅस, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबली. कुणाच्या नकाशात आहेत, कुणाच्या नाहीत. आणि नळ फुटला की बस वळसा घालून जाते, ट्रामला वळसा नाही. म्हणून रुळाखालचं सगळं आधी बाजूला हलवायचं, अशी पद्धत पडली. एडिंबरात २००८ पासून प्रिन्सेस स्ट्रीटसारखा मुख्य रस्ता पुन्हा पुन्हा उकरला गेला. १४ किलोमीटरचा मार्ग २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हा खर्च ७७.६ कोटी पौंडांवर पोचला होता आणि बंदराकडचा तुकडा गाळावा लागला होता. तो पुढे २०२३ मध्ये पुरा झाला. एवढा धक्का मोठं शहर सोसतं. लहान नगरपालिका सोसत नाही. ती योजना कपाटात ठेवते.

कॉव्हेंट्रीची गाडी आखणाऱ्या वॉरिक विद्यापीठाच्या लोकांनी हिशोब उलट बाजूने मांडला. पाया ३० सेंटिमीटरपेक्षा खोल जायचा नाही, म्हणजे बहुतेक नळ-केबली जागेवरच राहतील, हे आधी ठरवलं. मग एवढा पाया किती वजन पेलेल ते काढलं. मग त्या वजनात बसेल अशी गाडी आखली. उच्च ताकदीच्या काँक्रीटचे पातळ स्लॅब, नळ दुरुस्तीला लागले तर काढता येतील असे. बोगी वळणावर स्वतः दिशा घेणारी, त्यामुळे १५ मीटर त्रिज्येचं वळण घेते. बहुतेक नव्या ट्रामना २० ते २५ मीटर लागते. पाच-दहा मीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण चौकाच्या कोपऱ्यावरचं घर पाडायचं की नाही हे त्यावर ठरतं. गाडी बॅटरीवर चालते, म्हणजे तारेचे खांबही नकोत. किलोमीटरला एक कोटी पौंड हे त्यांचं लक्ष्य आहे.

२०२५ मध्ये कॉव्हेंट्री शहरातल्या क्वीन व्हिक्टोरिया रोडवर २२० मीटरचा मार्ग टाकून लोकांना त्यावर बसवलं. २२० मीटर म्हणजे अजून काहीच नाही. दहा हिवाळे, खालून फुटलेली ड्रेनेजची लाइन, वरून जाणारे ट्रक हे त्या स्लॅबने पाहायचे आहेत. सत्तर माणसांची गाडी गर्दीच्या वेळेला पुरायची तर दर तीन-चार मिनिटांना सोडावी लागेल आणि ड्रायव्हरचे पगार वाढतील. हा हिशोब मांडून मला पाठव. मी तपासून देईन.

प्रश्न : टायरवर चालणारी ट्राम असते म्हणे. रूळच नको, म्हणजे सगळाच खर्च वाचला! (छत्रपती संभाजीनगर)

वाचत नाही. फ्रान्समध्येच दोन शहरांनी अशी एक बनावट घेऊन पाहिली, नान्सी आणि काँ. गाडी रबरी टायरची, मधोमध एकच मार्गदर्शक रूळ. नान्सीत २००१ मध्ये गाडी त्या रुळावरून सुटण्याचे अपघात झाले आणि सेवा वर्षभर बंद ठेवावी लागली. टायर नेमक्या त्याच पट्ट्यावरून जात राहिल्याने रस्त्याला चर पडतात, तेही आलंच. आणि सर्वांत वाईट म्हणजे नेमकी या बनावटीची गाडी आणखी कुठल्या शहराने घेतली नाही. सुटे भाग कुणाकडून आणायचे? काँने २०१७ च्या अखेरीस ती बंद केली आणि २०१९ मध्ये साधी रुळाची ट्राम आणली. नान्सीची २०२३ मध्ये थांबली, आता तिथे ट्रॉलीबस आहे. गाडी जरूर लहान करा, हलकी करा, पण लोखंडी चाक आणि दोन रूळ यांना हात लावू नका. त्याचं शास्त्र पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे आणि ते कोणत्याही वर्कशॉपला येतं.

प्रश्न : फोंताइन्हाससारख्या जुन्या वस्तीतून तारा नेणं बरं दिसणार नाही. बॅटरीवर भागतं का? (पणजी)

भागतं. नीसला २००७ पासून दोन जुन्या चौकांतून ट्राम छपरावरच्या बॅटरीवर जाते आणि चौक संपला की तार पकडते. बोर्दोने २००३ मध्ये रुळांच्या मधल्या पट्टीतून वीज दिली. गाडी वर असते तेवढाच तुकडा चालू होतो, पण ही रीत महाग पडते. लहान शहराने तार शक्य तिथे टाकावी आणि नको तिथेच बॅटरी वापरावी, कारण बॅटरी म्हणजे वजन, आणि वजनाचं काय होतं ते वर कराडच्या मुलाला लिहिलं आहे. फोंताइन्हासच्या गल्ल्यांत मात्र मी तारेची नाही, कोणतीच ट्राम घालणार नाही. ती कडेच्या रस्त्याने जावी आणि गल्लीत माणसांनी चालत जावं.

प्रश्न : पंधरा-वीस गाड्या घेणाऱ्या गावाला कारखाने दारात तरी उभं करतात का? (कोल्हापूर)

एकटं गेलं तर भाव मिळत नाही, हे खरं. प्रत्येक शहराला वेगळं तोंड, वेगळी रुंदी, वेगळी आसनं हवी असतात. आखणी आणि चाचण्यांचा खर्च मग थोड्याच गाड्यांवर वाटला जातो. बझाँसोंने १९ गाड्या घेतल्या त्या कारखान्याच्या ठरलेल्या साच्यातल्या, एक सुमारे १८ लाख युरोला. आपली हौस त्यांनी रंगावर आणि नावांवर भागवली : फिरोजी रंग, आणि प्रत्येक गाडीला गावाशी नातं असलेल्या माणसाचं नाव, त्यात लेखक व्हिक्टर ह्यूगोही आहे. स्टॉप मात्र पुढे जोडता येतील अशा दोन जादा भागांच्या लांबीचा विचार करून बांधले.

फ्रान्समधल्याच ब्रेस्त आणि दिजों या शहरांचं उदाहरण तुमच्या जास्त कामाचं. एक समुद्राकाठी, दुसरं देशाच्या दुसऱ्या टोकाला. दोघांनी एकाच साच्याच्या ५२ गाड्यांची मागणी मिळून नोंदवली आणि दोन्हीकडे २०१२ मध्ये ट्राम सुरू झाली. कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर यांना हे जमण्यासारखं आहे. त्यासाठी गाडीच्या आधी तीन मापं एकत्र बसून ठरवावी लागतील : गेज, डब्याची रुंदी आणि स्टॉपच्या कट्ट्याची उंची. ही तीन सारखी असली की एका शहरातली जादा गाडी ट्रेलरवर घालून दुसऱ्या शहराला जत्रेपुरती देता येते, आणि व्हील लेथ तिघांत एक पुरते.