प्रादेशिक असंतोषामुळे लोकशाही आणि देशाचं ऐक्य धोक्यात येतं का?

हा प्रश्न वाचला आणि हॉस्टेलचा रूममेट आठवला. तो म्हणायचा, "तुम्ही सीमाभागातले अजून १९५६ मध्येच अडकलात. असल्या भांडणांनीच देश फुटतो." तेव्हा मला धड बोलता आलं नव्हतं.

मी बेळगावकडचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आमचा मराठी भाग आताच्या कर्नाटकात गेला. आजोबा गेल्यावर जमीन आज्जीच्या नावावर चढवायची होती. मी नववीत, तिच्याबरोबर कचेरीत गेलो. आज्जी मराठी चौथी शिकलेली, रोज पोथी वाचणारी. समोर आलेला कागद सगळा कानडीत. तिने चष्मा पुसला, कागद जवळ धरला, लांब धरला, मग मला म्हणाली, "वाच की रे." माझं कानडी शाळेपुरतं, अक्षरं लावत दोन ओळींवर अडकलो. कारकून म्हणाला, अंगठा चालेल. जन्मात कधी अंगठा न उठवलेली बाई घरी येईपर्यंत पदराला बोट पुसत होती.

तीच आज्जी एकही मतदान चुकवायची नाही. आमच्या लोकांनी १ नोव्हेंबरला, म्हणजे त्या पुनर्रचनेच्या दिवशी, काळा दिवस पाळला, पण सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदारही निवडून दिले, आणि त्यांनी कर्नाटकाच्या विधानसभेत याच राज्यघटनेची शपथ घेतली. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राला पटला नाही, तर २००४ मध्ये तो सुप्रीम कोर्टात गेला. यात देश कुठे फुटला?

माझं मत स्पष्ट आहे: नुकसान होतं ते वेळेवर न ऐकल्यामुळे. तेलुगू भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी उपोषणाला बसलेले पोट्टी श्रीरामुलू डिसेंबर १९५२ मध्ये उपोषणातच वारले, आणि त्यानंतर चार दिवसांत आंध्र राज्याची घोषणा झाली. लोकांनी यातून काय शिकायचं? मिझोराममध्ये १९६६ ला बंड झालं, १९८६ ला करार झाला आणि बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. मधली वीस वर्षं कुणी भरून द्यायची?

एसटी फोडणं, पाट्यांना काळं फासणं याचं मी समर्थन करत नाही. मार ड्रायव्हर-कंडक्टरला बसतो. आज्जीचा पुढचा अर्ज शेजारच्या कानडी काकूंनीच लिहून दिला होता, हेही सांगायला हवं. आणि मणिपूरसारखी २०२३ पासून घरं जळत असतील, तर तिथे माझं सीमाभागाचं गणित लावू नका.

तुम्ही यावर अभ्यास करत असाल तर मोर्चे मोजण्याआधी त्याअगोदर दिलेले अर्ज शोधा. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचंच जुनं धोरण आहे. ते पाळा म्हणणारा देशाच्या विरोधात कसा? रूममेट म्हणायचा, "एका कागदाचं काय एवढं!" त्याने आपल्या आईला वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवताना एकदा बघावं, मग आपण पुढचं बोलू.