२०१० वर थांबू नकोस

प्रिय मित्रा,

अमेरिकेतल्या आयोवा राज्यावरच्या लेखाचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते, कळकळही दिसते. पण 'कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली, जनतेने न्यायाधीशांना घरी बसवलं' असं लिहून तू पहिल्याच पानावर मोकळा झालास. दोन्ही घटना खऱ्या आहेत, पहिली २००९ ची आणि दुसरी २०१० ची. त्यांच्यामधली दीड वर्षं मात्र तू वगळलीस, आणि त्यानंतरची सहा वर्षंही.

आधी ते राज्य नीट बघ. आयोवाने २००४ मध्ये बुशना, २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना, २०१६ मध्ये ट्रम्पना कौल दिला. रिपब्लिकन ग्रासली आणि डेमोक्रॅट हार्किन या दोघांना तिथल्या मतदारांनी तीस वर्षं एकाच वेळी अमेरिकेच्या सिनेटमध्ये ठेवलं. अशा ठिकाणचं लोकमत एका वाक्यात मावत नाही.

३ एप्रिल २००९ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तोही सातही न्यायमूर्तींच्या एकमताने. निकालपत्र लिहिणाऱ्या मार्क केडींची नेमणूक रिपब्लिकन गव्हर्नरने केली होती. हे तुझ्या मसुद्यात नाही, ते घाल. २७ एप्रिलपासून विवाहाचे परवाने मिळू लागले. त्या सप्टेंबरमध्ये 'द मॉईन रजिस्टर' या वृत्तपत्राने पाहणी केली. घटनादुरुस्ती करून ही लग्नं बंद करावीत का, यावर ४१ टक्के 'हो' म्हणाले, ४० टक्के 'नाही'. राज्य अगदी मधोमध दुभंगलेलं. पण त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न होता: या निर्णयाने तुमच्या स्वतःच्या आयुष्यात काही खरा बदल झाला का? ९२ टक्के लोकांनी 'काहीच नाही' म्हणून सांगितलं.

या आकड्यांपाशी जरा रेंगाळ. ज्याला लग्नं बंद व्हायला हवी होती, त्याच्याही घरात बहुतेक वेळा काही बिघडलेलं नव्हतं. त्याचा विरोध खोटा होता असं मी म्हणत नाही. श्रद्धेतून आलेला विरोध खराच असतो. पण तो रोजच्या अनुभवातून आलेला नव्हता, आणि अशा विरोधाची धार टिकवायला कुणाला तरी सतत खटपट करावी लागते. २०१० मध्ये ती खटपट झाली.

आयोवात न्यायाधीश निवडून येत नाहीत. ठरावीक काळाने 'यांना पदावर ठेवायचं का?' एवढंच मतदारांना विचारलं जातं. मतपत्रिकेत हा प्रश्न शेवटी येतो आणि एरवी कितीतरी जण ती जागा कोरीच सोडतात. १९६२ पासूनच्या या पद्धतीत सर्वोच्च न्यायालयाचा एकही न्यायमूर्ती त्यात हरला नव्हता. २०१० मध्ये बाहेरच्या राज्यांतल्या संघटनांचा पैसा आला, जाहिराती झाल्या, बसमधून प्रचार फिरला. टर्नस, स्ट्रेट आणि बेकर या तीन न्यायमूर्तींनी मात्र न्यायासनाची शान राखायची म्हणून पैसा उभा केला नाही, प्रचारही केला नाही. सुमारे ५४ टक्के मतं विरोधात जाऊन तिघांचंही पद गेलं. मला आजही त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. निकाल मात्र जागच्या जागी राहिला आणि लग्नं चालूच राहिली.

दोनच वर्षांनी त्याच निकालातले डेव्हिड विगिन्स मतदारांपुढे आले. मोहीम तशीच झाली, पण या वेळी वकिलांची संघटना उघडपणे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. ते सुमारे ५४ टक्के मतांनी टिकले. २०१६ मध्ये खुद्द केडी आणि आणखी दोघे आले, तेव्हा तिघांनाही साठ टक्क्यांहून जास्त मतं पडली. त्याच दिवशी राज्याने ट्रम्पना कौल दिला होता, हे विसरू नकोस. २०१० च्या मतदानाला 'जनतेचं उत्तर' म्हणायचं तर २०१६ च्या मतदानालाही म्हणावं लागेल.

मधल्या काळातला एक प्रसंग मुद्दाम वाच. ३१ जानेवारी २०११ ला राज्याच्या प्रतिनिधीगृहात बंदीच्या घटनादुरुस्तीवर सुनावणी होती. झॅक वॉल्स हा एकोणीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी बोलायला उभा राहिला. आपल्याला दोन आयांनी वाढवलं आणि त्याचा आपल्या चारित्र्यावर काहीही वाईट परिणाम झालेला नाही, हे त्याने तीन मिनिटांत, आवाज न चढवता सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सभागृहाने दुरुस्ती ६२ विरुद्ध ३७ अशी मंजूर केली. म्हणजे त्या खोलीत तो हरला. पण ते भाषण लाखो लोकांनी पाहिलं, आणि राज्याच्या सिनेटमध्ये बहुमताचे नेते ग्रोनस्टाल यांनी ती दुरुस्ती मतदानाला येऊच दिली नाही. २०१८ मध्ये वॉल्स त्याच सिनेटवर निवडून आला. असल्या भाषणाचं मोल त्या दिवशीच्या मतमोजणीत शोधायचं नसतं.

मेन या दुसऱ्या अमेरिकी राज्याचंही थोडक्यात लिही. २००९ मध्ये विधिमंडळाने केलेला समलिंगी विवाहाचा कायदा मतदारांनी ५३-४७ ने रद्द केला आणि २०१२ मध्ये जवळपास त्याच फरकाने तो परत आणला. मधल्या काळात कार्यकर्ते घरोघरी गेले, दारात उभे राहून लोकांच्या शंका ऐकत बसले. न ठरलेल्या माणसाला कुणी मागासलेला म्हटलं की तो दार लावून घेतो. तुझ्या मसुद्यात हा शब्द तीनदा आलाय. तिन्ही ठिकाणचा काढ.

आणि एक मोठी उणीव. तुझ्या पूर्ण लेखात लग्न करणारं एकही जोडपं नाही. खटला सहा जोडप्यांनी लढवला होता. जोडीदार मरणाच्या दारात असताना त्याच्या उपचाराचा निर्णय कोण घेणार, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन कुणाला मिळणार, मूल कायद्याने कुणाचं, असल्या गोष्टींसाठी ते कोर्टात गेले होते. लोकांना काय वाटलं हे लिहिताना, वाटण्या-न वाटण्यावर ज्यांचं घर टांगणीला लागलं होतं ते लेखात आधी यायला हवेत.

निकालपत्र इंटरनेटवर आहे. मूळच वाच, बातम्यांतला सारांश नको. सुधारलेला मसुदा पंधरा दिवसांत पाठव. लांबला तरी मी वाचेन, फक्त २०१६ पर्यंत ने.

तुझा,
सर