पायथॉनमध्ये आत्ताची वेळ घेताना

आत्ताची वेळ घेऊन तिची नोंद ठेवणारा तुमचा पायथॉन कोड मुळात ठीक आहे. मात्र डेटटाइम या तारीख-वेळेच्या मॉड्यूलमधील नाऊ हे फंक्शन कंस रिकामे ठेवून वापरले, तर मिळणाऱ्या वेळेला टाइमझोन जोडलेला नसतो. लॅपटॉपवर ती बरोबर दिसते, पण सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत असल्याने तिथे ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे पडते आणि रात्री दोनची नोंद आदल्या तारखेला जाते. सुरुवातीला एवढे सांभाळावे:

- नाऊला टाइमझोन द्यावा आणि वेळ यूटीसीमध्येच साठवावी.
- दाखवताना झोनइन्फो या टाइमझोनच्या मॉड्यूलमधील ‘एशिया/कोलकाता’ (भारतीय वेळ) वापरावे. साडेपाच तास हाताने मिळवू नयेत.
- जुन्या उदाहरणांत सर्रास दिसणारे यूटीसीनाऊ हे फंक्शन टाळावे, पायथॉनच्या आवृत्ती ३.१२ पासून ते कालबाह्य ठरवले आहे.

वेळ कशी लिहून दाखवायची हे ठरवणाऱ्या फॉरमॅटमध्ये लहान एम म्हणजे महिना आणि मोठा एम म्हणजे मिनिटे; इथे गफलत झाली तरी एरर येत नाही.