साध्या कॅमेऱ्यावर ५५-२५० सारखी हलकी लेन्स घेण्यात अर्थ आहे का, की पैसे साठवून ७०-२०० एफ/२.८च घ्यावी?

घ्या, बिनधास्त घ्या. (५५-२५०, ७०-२०० हे मिलीमीटरमधले आकडे: मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. एफचा आकडा लहान तितका लेन्समधून जास्त प्रकाश.) "कॅमेरा साधा, लेन्स प्लास्टिकची, फोटो पुसटच येणार" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय म्हणता. आमचे दाजी मला वर्षानुवर्षं हेच ऐकवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाचीच्या शर्यतीला दाजींनी माझाच कॅमेरा हातात घेतला. कॅनन १५००डी, त्यावर ५५-२५०ची एसटीएम आवृत्ती. पोरगी धावली, दाजींनी धडाधड फोटो काढले आणि घरी येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं, "लेन्सच बोगस आहे." मी ते फोटो लॅपटॉपवर मोठे करून बघितले. तिच्या पायाखालच्या चुन्याच्या रेषेतले खडेसुद्धा वेगवेगळे दिसत होते. बुटाच्या नाड्यांच्या जागी मात्र नुसता पांढरा फराटा. शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, होतं १/१६० सेकंद; धावत्या पायांसाठी फारच हळू. म्हणजे लेन्सने आपलं काम चोख केलं होतं! लेन्समधली आयएस ही सोय आपल्या हाताची थरथर सावरते, धावणाऱ्या पोरीला थांबवत नाही.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरी होती. तीच लेन्स, तेच २५० मिमी. मी शटर १/१००० वर नेलं, आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटोवर सोडला, फोकस एआय सर्व्होवर (हलत्या माणसामागे सतत फोकस ठेवणारी पद्धत) ठेवला आणि फक्त मधला फोकस पॉइंट निवडला. या कॅमेऱ्याच्या ९ पॉइंटांत क्रॉस-टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) तेवढा एकच आहे. त्या फोटोत भाचीच्या कपाळाला चिकटलेले केस सुटे सुटे दिसतात. दाजी म्हणाले, "आज ऊन चांगलं होतं."

ऊन दोन्ही दिवशी सारखंच होतं.

आणि वजनाचं म्हणाल तर ही लेन्स ३७५ ग्रॅम, कॅमेरा ४७५. दोन्ही मिळून साडेआठशे, दिवसभर गळ्यात राहतं. दाजींची ७०-२०० (एफ/२.८ची दुसरी आवृत्ती) एकटीच १४९० ग्रॅम आहे, म्हणून ती कपाटातून बाहेर निघत नाही. वर तिची धाव २०० पर्यंतच. १.६ क्रॉपने (कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून दृश्य तेवढं जवळ दिसतं) माझे २५० म्हणजे ४०० सारखे पडतात, त्यांचे ३२०. लांबचं टिपायचं असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

हां, बंदिस्त हॉलमधले खेळ किंवा रात्रीचा रंगमंच हेच तुमचं मुख्य काम असेल तर दाजींची लेन्स खरी. २५० ला ही एफ/५.६ वर येते, म्हणजे एफ/२.८ च्या चौथा हिस्सा प्रकाश. तिथे १/१००० ठेवायला गेलात की आयएसओ ६४०० ला टेकतो, आणि १५००डीची नेहमीची मर्यादा तिथेच संपते.

तुमचा कॅमेरा कोणता ते लिहिलं नाहीत. निकॉन असेल तर तिकडची हलकी लेन्स म्हणजे एएफ-पी ७०-३००. तीही उत्तम आहे, पण डी९० किंवा डी५००० सारख्या जुन्या बॉडीवर तिचा फोकसच होत नाही, हाताने फिरवूनही नाही. तेवढं आधी तपासा.