व्हॅन गॉगचे पांढरे गुलाब मुळात गुलाबी होते, हे खरे आहे का?

हो, मे १८९० मध्ये फ्रान्समधल्या सें-रेमीत रंगवलेले ते गुलाब खरोखर गुलाबी होते. त्यातला लाल इओसिन या कृत्रिम रंजकाचा होता, आणि तो उजेडाने उडतो. गुलाबीत पांढरा भरपूर आणि लाल जेमतेम, म्हणून हीच छटा सर्वांत आधी जाते, याची फार हळहळ वाटते. रंग उडाल्याचा पुरावा बहुधा चौकटीखाली मिळतो: फ्रेंच चित्रकार रेन्वारने १८८३ मध्ये केलेल्या मादाम क्लापिसाँच्या चित्रात (तिथला लाल कोचिनिअल किड्यांचा) झाकलेली कड अजून भडक आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने ती तपासली. मात्र प्रत्येक जुना गुलाबी असा उडत नाही. पांढऱ्यात गेरू मिसळून केलेला शतकानुशतके टिकतो.