एल्फचा चेहरा बदलत नाही, मग काळ कुठे काढायचा?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रकथेची सोळा पानं पाहिली. शेकडो वर्षं तरुणच राहणारी तुझी परीकथेतली एल्फ देखणी उतरली आहे. पण सहाव्या पानावर 'पन्नास वर्षांनंतर' अशी पाटी लावून तू सुटका करून घेतलीस. तेवढी वर्षं गेल्याची खूण चित्रात कुठेच नाही.

'फ्रीरेन' या मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथेचं, पहिलं प्रकरण समोर घेऊन बस. कथा कानेहितो यामादा यांची, चित्रं त्सुकासा आबे यांची. २०२० मध्ये 'शोनेन संडे' साप्ताहिकात सुरू झाली. दहा वर्षांची मोहीम संपवून फ्रीरेन ही एल्फ आणि तिचे तीन साथीदार परततात, उल्कावर्षाव बघतात आणि पुढचा ५० वर्षांनी एकत्र बघायचं ठरवतात. फ्रीरेन येते तेव्हा त्यांतला हिमेल टकला, लांब दाढीचा, आखडलेला म्हातारा झालेला असतो. डोळ्याखालचा तीळ मात्र जागेवर आहे. तू नाक, भुवया, केस सगळंच बदललंस, म्हणून तुझा म्हातारा कोणी परकाच वाटतो. एक खूण ठरव आणि ती तरुणपणच्या पहिल्याच चौकटीपासून ठळक काढ. सुरकुत्यांची गर्दी नको, छपाईत चेहरा मळका दिसतो. त्यापेक्षा खांदे उतरव, मान पुढे काढ. डोक्याच्या मापाने मोजलेली उंची साडेसात डोक्यांची असेल तर साडेसहावर आण.

मग एक तक्ता कर. उभ्या रकान्यांत पात्रं, आडव्या ओळींत वर्षं, प्रत्येक घरात वय. हा केला नाही की तिसऱ्या प्रकरणात आजोबा नातवाहून लहान निघतो. एल्फचा रकाना वेगळा मोज: हजार वर्षं जगलेलीला दहा वर्षं म्हणजे आयुष्याचा शंभरावा हिस्सा, ऐंशी वर्षं जगणाऱ्या माणसाचे जेमतेम साडेनऊ महिने. तेवढ्याशा ओळखीच्या हिमेलच्या दफनाला फ्रीरेन ढसाढसा रडते. रडते कारण त्याला जाणून घ्यायचा प्रयत्नच तिने केला नव्हता. तुझी एल्फ मात्र पहिल्या पानापासून उसासे टाकते आहे. तिला आधी बेफिकीर राहू दे. पश्चात्तापाला जागा त्यातूनच होते.

मालिकेतल्या वर्षांची मोजणीही हिमेलच्या मृत्यूपासून चालते: इतकी वर्षं झाली, तितकी झाली. पाटी तीच, पण दर वेळी ती त्याची आठवण काढते. अशी पाटी तूही खुशाल वापर.

तिचा चेहरा बदलणार नाही, तेव्हा काळ वस्तूंवर काढावा लागेल. गावात हिमेलचा पुतळा आहे, गंजलेला. ती तो घासूनपुसून लख्ख करते. पुतळ्यात तो तरुणच राहिला आहे, तिच्यासारखाच. याहून मला आवडतो तो क्वाल या राक्षसाचा प्रसंग. त्याने काढलेला मारक मंत्र एके काळी कुणालाच अडवता येत नव्हता. ८० वर्षं तो बंदिस्त राहिला, तेवढ्यात माणसांनी त्या मंत्राचा इतका अभ्यास केला की तो साधा हल्ल्याचा मंत्र होऊन बसला आणि त्यावरची ढालही तयार झाली. काळ ज्ञानातून दाखवायची ही युक्ती फार कमी जणांना सुचते. तुझ्या कथेत लोहार आहे, त्याच्या पोलादाचं असं काही होईल का, बघ.

आता पानाचं. शेजारच्या चौकटींमध्ये फट अरुंद, वरखालच्या ओळींमध्ये रुंद ठेव, नाहीतर वाचकाची नजर चुकीच्या चौकटीवर उतरते. काळाची उडी पान उलटल्यावर येऊ दे. सहावं पान सातव्याच्या समोरासमोर पडतं, म्हणून म्हातारा आधीच दिसून जातो. उलटण्याआधीच्या शेवटच्या चौकटीत एक जागा काढ, उदाहरणार्थ टेकडीवरचं रोपटं. उलटल्यावर तीच जागा त्याच कोनातून, पण झाड मोठं झालेलं. कोन बदललास की सगळं वाया.

मराठीत डावीकडून उजवीकडे वाचायचं आहे, तेव्हा आराखडाही त्याच दिशेने हवा. जपानी पद्धतीने काढून नंतर आरसा फिरवलास तर तलवार डाव्या हातात जाते आणि तीळ दुसऱ्या गालावर.

पाच ते आठ एवढीच पानं पेन्सिलीत पुन्हा कर. शाई नको, टोन म्हणजे राखाडी छटाही नको. सोबत तक्ताही पाठव.

तुझा,
काका