बाइकची विंडशील्ड (पुढची काच) बदलताय? आधी उंची बघ

अरे, जेवढी उंच काच तेवढी भारी, हे आधी डोक्यातून काढ. गाडीवर नेहमीसारखा बस आणि मित्राला बाजूने बघायला सांग. काचेची वरची कड साधारण तुझ्या नाकाच्या रेषेत हवी. लांबचा रस्ता काचेवरून दिसला पाहिजे, काचेतून नाही. जुलैत ताम्हिणी घाटात पाऊस आणि धुकं एकदम आलं की कारण आपोआप कळेल! गडद स्मोक काच दिसते झकास, पण घाटातल्या वळणावर जवळचा रस्ता काचेतूनच दिसतो, त्यामुळे रात्री नुसता ताप.

हेल्मेट गदागदा हलतंय? काचेच्या कडेवरून सुटलेली हवा डोक्यावर आदळते म्हणून. मोठी काच घेण्याआधी कोन बदलून बघ, खालून थोडी हवा येऊ दे. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

पुण्यात नाना पेठेत, गाड्यांच्या पार्ट्सच्या बाजारात गेलास तर मटेरियल विचार. ही 'काच' प्लास्टिकचीच असते, ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट. ॲक्रिलिकवर ओरखडे कमी पडतात, पण दगड लागला की तडकतं. पॉलिकार्बोनेट मार सोसतं, म्हणून टूरिंगला, म्हणजे लांबच्या प्रवासाला, मी तेच सांगेन. फक्त पेट्रोलने पुसू नकोस, अमोनियावालं ग्लास क्लीनरही नको. पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. आणि स्क्रू रबरी वॉशर घालूनच लाव. करकचून आवळलास तर भोकापासून चीर जाते.